सगळ्या जागांना पाच तारे

हेवा करायचाच तर माणूस निदान आपल्या बरोबरीचा असावा, एवढी माझी माफक अपेक्षा होती. मी मराठीचा प्राध्यापक. दोन पुस्तकं नावावर, तिसरं गेली नऊ वर्षं येऊ घातलेलं. आणि ज्या माणसाचा मी जन्मात सर्वांत जास्त हेवा केला ते अण्णा मगदूम आठवी पास, निवृत्त पोस्टमन, आष्ट्यात आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहणारे. गेल्या माघात ते गेले. गल्लीतले लोक म्हणाले, सर, तुम्ही लिहा त्यांच्यावर, तुमचा एवढा स्नेह होता. स्नेह होताच. पण स्नेहानं हेवा कमी होत नाही, उलट तो जवळून आणि रोज करता येतो.

अण्णा उंच, वाळलेले, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. टपालाची पिशवी कायम त्याच खांद्यावर असायची. निवृत्तीनंतर पिशवी गेली, पण खांदा काही वर आला नाही. जैनाघरचे, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत, आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली सतत बरोबर. चालताना प्रत्येक दारावरची पाटी वाचायचे. गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात. "नाव सांगून ठेवा. पत्र यायचं न्हाई आता कुणाला, पर ठावं असलेलं बरं." आत या म्हटलं तर यायचे, पण खुर्चीवर बसायचे नाहीत. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. "बसलं की टपाल ऱ्हातं," म्हणायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी कुठलं टपाल राहत होतं, देव जाणे.

हा माणूस लिहितो, हे मला आष्ट्यात कळलंच नाही. कळलं ते मेढ्यात. परीक्षेच्या कामाला गेलो होतो आणि उतरायची जागा सापडेना, म्हणून फोनमधला नकाशा उघडला. त्या नकाशात एखाद्या जागेवर बोट ठेवलं की तिथं जाऊन आलेल्यांनी दिलेले तारे आणि चार शब्द दिसतात. माझं बोट चुकून एका पिठाच्या गिरणीवर पडलं. लोकांनी लिहिलं होतं, "दळण चांगले", "सोमवारी बंद". आणि त्याखाली ए. बी. मगदूम, पाच तारे, आणि मजकूर इतका लांब की अंगठा सरकवून दमला.

"ह्या गिरणीच्या पायरीवर मी एक पत्र हातात घेऊन पाऊण तास उभा होतो," अशी सुरुवात. फौजेतून आलेलं पत्र. पावसानं पाकिटावरचं नाव धुऊन गेलं होतं. राहिलं होतं एवढंच: 'आईस', आणि खाली 'मेढा'. मेढ्याच्या आसपास फौजेत पोरगा नाही असं घर शोधायला लागेल. तरुण अण्णांनी काय करावं? साहेबांना विचारून पाकीट फोडलं, तर आत सहीला नुसतं 'तुझा मुलगा'. मग घरोघरी वाचून दाखवत निघाले. ज्या आईला ओळख पटेल तिचं पत्र. पहिलीनं दोन ओळींतच डोळ्यांना पदर लावला, माझंच पोर. दुसरीनंही तेच. तिसरी म्हणाली, ह्यात म्हशीचं विचारलंय, आमचीच म्हैस. आणि बरोबर तिथं लिहिलेलं, "इथली जागा संपली. पुढचं झऱ्यापाशी."

मी नकाशावर झरा शोधला. होता. त्याच्याखाली ए. बी. मगदूम, पाच तारे, पुढचा भाग. तिथून देवळापाशी, तिथून टेकावरच्या शाळेपाशी. हातात परीक्षेच्या पेपरांचं दप्तर, उन्हात मी खरोखर चालत गेलो. बसून वाचता आलं असतं, हे मला शाळेपाशी पोचल्यावर सुचलं. शेवटचं घर एका म्हातारीचं. तिनं सगळं पत्र शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "माझं न्हवं हे. माझं पोर एवढं ग्वाड लिवत न्हाई. पर आणखी एक डाव वाचा."

तिथं गोष्ट संपली होती. मी शाळेच्या कट्ट्यावर बसलो. जळलो. सरळ जळलो. सव्वीस वर्षं मी मुलांना शेवट कसा करावा ते शिकवत होतो.

माझं ऑनलाइन लिखाण म्हणजे एका बिऱ्हाडकरूचा इतिहास आहे. मला लांब लिहायचं होतं, दहा-दहा पानं, आणि त्यासाठी योग्य माध्यम मी दहा वर्षं शोधत होतो. आधी ब्लॉग काढला. तो स्वतःचा होता, ऐसपैस होता, पण त्या रस्त्यानं कुणी जात नव्हतं. मग एक पान उघडलं, जिथं सगळं जग ओरडत असतं. तिथं माझे लेख दोन वाढदिवसांच्या मध्ये चेपून जायचे. मग गावच्या ग्रुपवर टाकायला लागलो, तर तिसऱ्या ओळीला 'अधिक वाचा' येऊन लेखाचं धड घडी घालून आत जायचं, आणि लोक वर अंगठा दाखवून मोकळे. मग ईमेलनं जाणारं वार्तापत्र. ते नको असलेल्या पत्रांच्या टोपलीत पडतं, हे मला वर्षानं कळलं. प्रत्येक वेळी बिऱ्हाड हलवलं की पहिला लेख असायचा, नव्या घरी वाचकांचं स्वागत. वाचक तेच सातजण. त्यात एक माझी बायको, सुनंदा.

या अनुभवावर मला सांगलीच्या एका वाचनालयानं व्याख्यान द्यायला बोलावलं. विषय, दीर्घ लेखनासाठी ऑनलाइन माध्यम कसं निवडावं. हसू नका. नापास झालेला माणूस शिकवणी चांगली घेतो. अण्णा बसनं आले होते आणि सगळ्यात मागे, अर्थातच उभे होते. मी पडद्यावर तक्ते दाखवले, कुठं किती शब्द मावतात, कुठं चित्रं लागतात, लोक कुठं किती वेळ थांबतात. शेवटी म्हटलं, कुणाला काही विचारायचंय? मागून आवाज आला.

"सर, ह्ये समदं बेस सांगितलंसा. पर पत्ता कुठला टाकायचा?"

"कसला पत्ता, अण्णा?"

"लिवल्यालं कुठं पोचवायचं त्येचा. न्हाई म्हंजे, तुमी पेटीत टाकायचं कसं ते सांगितलं. लाल पेटी चांगली का निळी चांगली, त्ये सांगितलं. पर पाकिटावर पत्ता नसंल तर आमी ते न्यायचं कुठं?"

लोक हसले. मीही हसलो, व्यासपीठावर हसावंच लागतं. मी म्हटलं, "अण्णा, वाचक कुठं राहतो हे लेखकाला कसं कळणार?"

"मग लांब-आखूड कशापायी मोजायचं? पत्ता असला की कितीबी जाड पाकीट जातंय, सर. नसला तर कार्डसुदिक परत येतंय."

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी उभे राहून आले. मी जागा दिली, बसले नाहीत. मी विचारलं, मग तुम्ही त्या नकाशातच का लिहिता? त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. म्हणाले, आयुष्यभर ज्याची ती वस्तू ज्याच्या त्या दारात टाकली. गोष्ट जिथं घडली ते तिचं दार. तिथं टाकून यायची. ज्याला तिकडनं जायचं असेल तो उचलेल. शिवाय, आणि हे त्यांना फार आवडायचं, तिथं एका जागेखाली एका माणसाला एकदाच लिहिता येतं. "येका घराला येकच पेटी. लय न्यायाचं हाय ते." आणि तारे? ते सगळ्यांना पाच द्यायचे. आटलेल्या विहिरीला पाच, पडक्या जकातनाक्याला पाच. मी एकदा म्हटलं, अण्णा, जरा भेद करा. तर म्हणाले, "कमी कसं द्यायचं? जागंनं काय केलंय?"

त्यांची लिहायची पद्धतही अशीच. घरी एक ओळ लिहायचे नाहीत. ज्या जागेचं लिहायचं तिथं बसनं जायचे, उभे राहायचे आणि मुलानं दिलेल्या फोनवर एका बोटानं तास-दोन तास टायपत राहायचे. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय अण्णा, पत्ता सापडंना व्हय?" हे मान हलवायचे, सापडंना म्हणायचे आणि पुन्हा लिहायला लागायचे. लिहिलं की पाठवलं. स्वतःकडे प्रत ठेवणं हा प्रकार नाही. मी एकदा कानउघाडणी केली तर माझ्याकडेच चमकून बघितलं. "वाटल्यालं पत्र पोस्टमनकडं ऱ्हातं व्हय, सर?"

पुढं पुढं लोक सहलीला निघताना मगदूमांनी तिथं काही लिहिलंय का ते आधी बघू लागले. माझेच विद्यार्थी वर्गात मला विचारायचे, सर, मेढ्याचं वाचलं का? सुनंदा स्वयंपाकघरातून हाका मारायची, अहो, अण्णांनी विट्याच्या बाजाराचं काय लिहिलंय बघा. माझ्या नव्या लेखासाठी तिनं कधी अशी हाक मारली नाही. मी बघतो म्हणायचो आणि बघायचो नाही. मग ती झोपायला गेली की बघायचो.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या वडिलांचं आहे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते कोयनानगरला वीजघरात ऑपरेटर होते. आई आणि मी आष्ट्यात. वर्षातून दोनदा यायचे, बाकी पोस्टकार्डं. मी त्यांना दर आठवड्याला वळणदार अक्षरात दोन पानं लिहायचो आणि उत्तर यायचं चार ओळी. वाकड्यातिकड्या. चार ओळींखाली पाचवी, खोडून काळी केलेली. दादा गेल्यावर मी त्यांच्यावर ब्लॉगवर अकरा भाग लिहिले. माझं सर्वांत लांब लिखाण. चौथ्या भागात या कार्डांबद्दल लिहिलं की ज्या माणसाला मुलाला सांगायला चार ओळींपलीकडं काही नव्हतं, आणि जे थोडं होतं तेही खोडून टाकावंसं वाटलं, त्या माणसाचा मी मुलगा. या वाक्यावर मी फार खूश होतो. सातही जणांनी वाखाणलं होतं.

अण्णा तरुणपणी मेढ्यानंतर कोयनानगरला होते हे मला माहीत होतं. दादांना ते ओळखत असतील, असं कधी तरी मनात आलंही असेल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मागच्या उन्हाळ्यात ते दोन दिवस गल्लीत दिसले नाहीत. परत आले ते गुडघे धरूनच, आणि थेट माझ्या दारात. "कोयनेला जाऊन आलो, सर. क्वार्टरच्या वळणावर ती चहाची टपरी हाय न्हवं, तिथं टाकलंय. वाचा येळ काढून."

त्याच संध्याकाळी मी वाचलं. टपरीच्या नावापुढं नकाशात 'कायमचे बंद' असं लिहिलेलं. त्याखाली ए. बी. मगदूम, पाच तारे.

"इथं आता चहा मिळत नाही. पण तेव्हाही आम्ही दोघं इथं चहाला थांबत नव्हतो. वीजघरातले एक साहेब पाळी सुटली की इथं येऊन उभे राहायचे. मुलाचं पत्र असलं की मी लांबूनच हात वर करायचो. ते उभ्यानंच वाचायचे, दोनदा. मग म्हणायचे, मगदूम, वळा. मी वळायचो आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचो. माझ्या पाठीवर कार्ड ठेवून ते उत्तर लिहायचे, कारण दोनची गाडी गेली की टपाल उद्यावर जायचं आणि साहेब म्हणायचे, पोरगं वाट बघत असेल. मी श्वास घेतला की कार्ड हलायचं. म्हणून मी श्वास धरून राहायचो. चार ओळींना माझा श्वास संपायचा. साहेबांना ते कळायचं, म्हणून ते चारच ओळी लिहायचे.

"पाचवी मात्र दाबून लिहायचे. दुसऱ्याचं कार्ड वाचणं आमच्या धर्मात बसत नाही. पण पाठीला कळायचं त्याला काय करणार? दोनच शब्द असायचे. इकडे ये. लिहायचे आणि लगेच खोडायचे. एकदा मी धीर करून विचारलं, साहेब, दर वेळी लिहिता आणि दर वेळी खोडता, ते का? तर म्हणाले, इथली जमीन हलते, मगदूम. पोराला कसा बोलावू?"

दादांचं नाव कुठंच नव्हतं. माझंही नव्हतं.

माणसाला रडू यावं अशी ही जागा आहे, आणि आलंही थोडं. पण खरं सांगायचं तर रडण्याच्या आधी दुसरंच आलं. माझा बाप, आणि तो ह्यांना सापडला. अकरा भाग लिहून मला जो दिसला नाही तो ह्यांनी एका बंद टपरीखाली उभा केला. ती कार्डं माझ्या कपाटात होती आणि त्यांचा अर्थ ह्यांच्या पाठीवर होता. मी वही काढली आणि ते सगळं अक्षरन् अक्षर हातानं उतरून घेतलं. वडिलांच्या आठवणीसाठी नव्हे. हा माणूस हे करतो कसं, ते शोधण्यासाठी. तिथं एक विशेषण सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "वाचलं का, सर?"

"नाही हो. वेळच झाला नाही."

तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. वाचलं म्हटलं असतं तर चांगलं आहे म्हणावं लागलं असतं, आणि चौथा भाग खोटा होता हेही म्हणावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी सुनंदानं ते वाचलं. भाकरी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आली, फोन हातात, डोळे भरलेले. "अहो, हे मामंजी आहेत. तुमच्या अकरा भागांत होते ते कुणीतरी वेगळेच."

ती आत गेली. मी फोन घेतला. त्या नकाशात कुणाच्याही लिखाणाखाली तक्रार नोंदवायची सोय असते. कारणं विचारतात, त्यातलं एक होतं, 'या जागेशी संबंध नाही'. मी त्यावर बोट ठेवलं. करताना मला नीट कळत होतं मी काय करतोय, तेवढी सूट मी स्वतःला देत नाही. दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर टपरीखाली फक्त कुणा प्रवाशाचं "बंद आहे" राहिलं होतं.

अण्णा सकाळीच आले. मी त्यांना इतकं वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सर, माझं पत्र परत आलं. जागेशी संबंध न्हाई म्हणत्यात. आवं, त्या जागेशी साहेबांचा संबंध न्हाई, तर मग कुणाचा हाय? काय चुकलं माझं? तुमी ह्यातलं जाणता."

"नियम असतात, अण्णा," मी म्हणालो. माझा व्याख्यानाचा आवाज. "फार लांब असलं की यंत्र आपोआप काढून टाकतं."

"परत टाकाय बघितलं. माझ्या नावानं घेईना ते." मग म्हणाले, "ऱ्हायलं तर ऱ्हायलं. पर तुमी वाचायच्या आदीच गेलं बघा. तुमच्यासाठीच टाकलं हुतं ते."

ते म्हणाले, तोंडानं सांगितलं तर त्यात राम नाही, पुन्हा तिथं जाऊन उभं राहिलं तर परत आठवेल, नकाशानं घेतलं नाही तरी लिहिलेलं तुम्हाला वाचता येईल, पण बसचा घाट आता गुडघ्यांना सोसत नाही. तुम्ही आता गाडी घेतलीय, सवड झाली की न्याल का? मी हो म्हटलं आणि सवड होऊ दिली नाही. दोन महिने. रोज सकाळी ते दारावरून जायचे. विचारायचे नाहीत, नुसते पाटी वाचायचे.

त्या दोन महिन्यांत मी स्वतःची एक ओळ लिहिली नाही. वही टेबलावर असायची. एकदा मनात असंही आलं की प्रत जगात फक्त आपल्याकडेच आहे, थोडा फेरफार करून बारावा भाग म्हणून खपून जाईल. मी पहिली ओळ टाइपसुद्धा केली. मग माझी मलाच इतकी शिसारी आली की फोन बंद केला आणि उठून अण्णांच्या दारात गेलो. म्हटलं, चला, उद्या निघू.

दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही त्या वळणावर पोचलो. टपरीचा सांगाडा तेवढा होता, पत्रा कुणीतरी नेलेला. अण्णा काठी टेकत उतरले, जागा बघून बरोबर एका दगडापाशी जाऊन उभे राहिले. खिशातून फोन काढला, बोट उचललं आणि तसेच थांबले. मग म्हणाले, "येईना, सर. साहेब दिसत्यात, पर शब्द येईनात. एकदा वाटून झालं की असंच हुतं."

मी गाडीतून वही आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. उभ्यानं सगळं वाचलं. शेवटी मी सवयीनं तारीख घातली होती. तारखेवर त्यांचं बोट थांबलं, हे मी पाहिलं. कोयनेहून ते परत आले त्या दिवसाची तारीख. वेळ झाला नाही म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, त्याच्याही आधीची.

"म्हंजे पोचलं हुतं," ते म्हणाले.

"पोचलं होतं."

"मग झालं की." त्यांनी वही मिटली आणि मला परत दिली. "आता तुमी टाका. तुमचं अजून ह्या जागंखाली काय न्हाई न्हवं? तुमची पाळी शिल्लक हाय. टाका तुमच्या नावानं."

बघा, हे असं. ज्यासाठी दोन महिने मी आतल्या आत कुजत होतो ते या माणसानं वाटेवरच्या माणसाला पाणी द्यावं तसं देऊन टाकलं. मला त्याक्षणीसुद्धा त्यांचा हेवाच वाटला, त्यांच्याकडे देण्यासारखं होतं याचा.

"हे माझ्या नावानं नको, अण्णा."

"मग तुमचं लिवा."

मी फोन काढला. मला एका वाक्याच्या पुढं जाता येईना. मग वहीतलं कोरं पान उघडलं, पेन काढलं, टेकायला काही आहे का म्हणून इकडंतिकडं बघितलं. गाडी खाली लावली होती. टपरीची फळी गेलेली. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांनी काठी दगडाला टेकवली, माझ्याकडे पाठ केली आणि हळूहळू, दोन्ही गुडघे आधी चाचपून, वाकले.

"अण्णा, नको. गुडघे..."

"लिवा, सर. ऊन लागायलंय."

मी वही त्यांच्या पाठीवर ठेवली. सदऱ्याखाली हाडं लागत होती. डावीकडे उतार होता, त्यामुळे वही खाली घसरायची आणि ओळ वाकडी जायची. मी लिहिलं की माझे वडील इथं उभे राहून मला पत्र लिहायचे. लिहिलं की ते मला फार उशिरा कळलं. लिहिलं की कळवणारा माणूस पोस्टमन होता. चौथ्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं, सगळं, अण्णासाहेब बाबू मगदूम, आष्टा. खालून काहीच हालचाल नव्हती. तेव्हा ध्यानात आलं, त्यांनी श्वास धरला होता.

चार ओळी झाल्या होत्या. थांबायला हवं होतं. पाचवी मी दाबून लिहिली. तक्रार मीच केली होती. लिहिली आणि बघितली, आणि माझं पेन आपोआप मागं आलं. पहिल्या शब्दावर मी एक रेघ ओढली.

अण्णांनी श्वास सोडला. वही हलली.

"खोडू नका, सर." ते वळले नाहीत, तसेच गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले, समोर दरीकडं बघत. "वही दावली तवाच कळलं हुतं मला. ऱ्हाऊ द्या ते. आन चारच ओळींचं काय न्हाई आता, टपाल काय दोनच्या गाडीनं जायचं न्हाई. लिवा पुढं. मी परत श्वास धरतो."